तुटला की तोडलास? इंजिन न उतरवता तुटका बोल्ट बाहेर काढताना

जोर लावत असताना पाना अचानक हलका होतो. क्षणभर वाटतं, चला, सुटला एकदाचा. मग सॉकेटमध्ये काहीतरी खुळखुळतं आणि कळतं की बोल्टचं नुसतं डोकं हातात आलंय. उरलेला बोल्ट इंजिनातच आहे, जिथे होता तिथेच.

माझ्या हातून पहिल्यांदा हे झालं तेव्हा ओळखीतल्या एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो. म्हटलं, "काका, बोल्ट तुटलाय." त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुटला, की तोडलास?" मला तो टोमणा वाटला होता. पण ते खरोखरच माहिती विचारत होते. बोल्ट कसा तुटला यावरून तो कसा निघेल ते ठरतं. ड्रिल उचलण्याआधी एवढं एक ठरवलं तर पुष्कळदा ड्रिल लागतच नाही.

आवळताना तुटला असेल तर बातमी चांगली आहे. आवळलेला बोल्ट रबरासारखा किंचित ताणलेला असतो आणि त्या ताणामुळेच आटे एकमेकांना घट्ट धरून बसतात. डोकं उडालं की ताण संपतो. आत राहिलेला तुकडा स्वच्छ आट्यांमध्ये नुसता बसलेला असतो, कधी कधी तर नखानंही फिरतो. अपवाद एकच: बोल्ट लांब होता आणि भोकाच्या तळाला टेकून तुटला, तर तो तळाशी पाचर मारल्यासारखा अडकलेला असतो.

सोडवताना तुटला तर प्रकरण उलटं. आट्यांमधल्या गंजाची पकड बोल्टच्या पोलादापेक्षा भारी ठरली, असा त्याचा अर्थ. आठ मिलीमीटरचा अख्खा बोल्ट जे करू शकला नाही ते त्याच्या पोटात भोक पाडून घातलेला तीन मिलीमीटरचा ईझी-आऊट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचं उलट्या पिळाचं हत्यार, कसं करणार? इथे आधी गंज सोडवायचा, मग तुकडा फिरवायचा.

तिसरा प्रकार म्हणजे चालत्या गाडीत आपोआप तुटलेला बोल्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळांचे, टोकाचे स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) असे जातात. मॅनिफोल्ड तापून लांबीला वाढतो, तो ज्यावर बसतो ते सिलिंडर हेड वेगळ्या मापानं वाढतं आणि मधला स्टड दर वेळी किंचित वाकून सरळ होतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, तसाच हा प्रकार. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर मॅनिफोल्ड आणि हेडमधली फट मिटून तो कमी होतो. आवाज कमी झाला म्हणून सोडून देऊ नका. त्या फटीतून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो.

बोल्ट कधी तुटला हेच ठाऊक नसेल तर तुटलेल्या तोंडावर टॉर्च मारा आणि भिंग धरा. एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर कांद्याच्या पाकळ्यांसारख्या कमानी आणि उरलेला भाग खडबडीत दाणेदार असेल, तर तो थकून, हळूहळू चिरत जाऊन तुटला. तोंडावर भोवऱ्यासारखा पीळ आणि मान थोडी बारीक झालेली दिसली, तर जास्त आवळला गेला. चिरेचा काही भाग तांबूस गंजलेला आणि बाकीचा चकचकीत असेल, तर अर्धा बोल्ट आधीच गेलेला होता, तुम्ही फक्त शेवटचा हात लावलात.

कुठल्या बोल्टला हात लावायचा नाही, तेही आत्ताच सांगतो. सिलिंडर हेडचे, कनेक्टिंग रॉडचे, क्रँकच्या बेअरिंग कॅपचे, फ्लायव्हीलचे आणि टायमिंगच्या भागांचे बोल्ट तुटले असतील तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. इथे बोलतोय ते कव्हरं, थर्मोस्टॅट हाउसिंग, वॉटर पंप, ब्रॅकेट आणि मॅनिफोल्ड यांच्याबद्दल. उदाहरणाला अॅल्युमिनियमच्या हेडमधला, मॅनिफोल्डचा टोकाचा आठ मिलीमीटरचा स्टड घेऊ. तो जमला की बाकीचे सोपे आहेत.

आधी जागा

कमीत कमी भाग काढायचे म्हणजे एकही काढायचा नाही, असं नव्हे. ड्रिल तिरकं धरून कसंबसं काम करण्यापेक्षा चार क्लिपा काढणं परवडतं. साधं ड्रिल आणि बीट मिळून बोल्टसमोर सरळ रेषेत साधारण २५ ते ३० सेंटीमीटर मोकळी जागा लागते. काटकोनी हेडचं ड्रिल असेल तर ती निम्म्यावर येते. प्रत्यक्ष मोजा. बोल्टच्या रेषेत एक सरळ काडी धरा आणि ती कशाला अडते ते बघा. अडणारी वस्तू बहुतेक वेळा पुढचं चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं लायनर, रेडिएटरचा पंखा किंवा एअर फिल्टरचा डबा असते. या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात निघतात. पंखा काढलात तर रेडिएटरसमोर जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा उभा करा. निसटलेल्या बीटनं जाळीला भोक पडलं तर एका बोल्टचं काम दुप्पट होईल.

तरीही दोन-तीन सेंटीमीटर कमी पडत असतील तर त्या बाजूचा इंजिन माउंट सोडून इंजिन जॅकवर थोडं उचलता किंवा खाली घेता येतं. ऑइल पॅनखाली रुंद फळी हवी, नाहीतर पॅन चेपतो. उचलताना होसपाइप आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते बघत राहायचं. गाडीखाली जायचं असेल तर ती स्टँडवर ठेवलेली असावी, जॅकवर नव्हे.

आणि मॅनिफोल्ड? तो शक्यतो काढूच नका. बाकीचे स्टड त्याच वयाचे आहेत, त्याच उष्णतेत भाजलेले आहेत. एक काढायला गेलात आणि तीन तुटले, असं सहज होतं. शिवाय मॅनिफोल्ड जागेवर असेल तर त्याच्या फ्लँजचं, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीचं, भोक पुढे आपल्या कामाला येणार आहे. गॅस्केट जळून फुटलं असेल तर मात्र इलाज नाही, मॅनिफोल्ड उतरवावाच लागेल.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. थर्मोस्टॅट किंवा पंपाचा बोल्ट असेल तर कूलंट त्या पातळीच्या खाली उतरवा. काही बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या वाटेत उघडतात. डोळ्यांवर गॉगल हवाच. डोकं वर करून ड्रिल चालवताना कीस सरळ तोंडावर येतो. आसपासच्या उघड्या तोंडांत चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते मोजून लिहून ठेवा. मॅनिफोल्ड उतरवलेला असेल तर एक्झॉस्टच्या तोंडातल्या चिंधीला दोरा बांधून तो बाहेर ठेवा. आतला व्हॉल्व्ह उघडा असला तर तिथून पडलेला कीस थेट सिलिंडरमध्ये जातो.

ड्रिलच्या आधीचे उपाय

तुकडा सैल असण्याची शक्यता असेल तर तुटलेल्या तोंडाच्या कडेला टोकदार टोचणी टेकवा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेनं हलके ठोके द्या. खडबडीत तोंडाला कुठेतरी पकड मिळतेच. एक अष्टमांश फेरा फिरला की काम झालं. पुढे बोटानं, नाहीतर चिकट टेप गुंडाळलेल्या काडीनं तो बाहेर येतो.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर लॉकिंग प्लायर लावा, पण गंज सोडवल्यानंतरच. घट्ट बसलेल्या तुकड्यावर प्लायर घसरला की तो तेवढा भाग गोल करून ठेवतो, मग पुढच्या कुठल्याच पकडीला तो हाती लागत नाही. पुरेसे आटे बाहेर असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून लॉक करा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. स्टड काढायची ही सगळ्यात सभ्य पद्धत.

आता उष्णतेबद्दल, कारण जाम तुकड्यांत खरी कमाई इथेच आहे. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं: दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन, पोलाद सुमारे १२. हेडचा तो भाग आणि त्यातला तुकडा दोन्ही १५० अंशांनी तापले, तर आठ मिलीमीटरच्या भोकात तेरा मायक्रॉनच्या आसपास फट जास्त पडते. केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढी. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड ढिली करायला तेवढी पुरते. म्हणून अॅल्युमिनियममध्ये बोल्टपेक्षा त्याच्या भोवतालचा भाग तापवायचा. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये हा फायदा मिळत नाही. तिथे तुकडाच लाल करून थंड होऊ द्यायचा. फुगून आकसताना गंजाचा थर चुरगळतो.

घरी ज्वालेपेक्षा हीट गन बरी. वेळ लागतो, पण अॅल्युमिनियम तापताना लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, आणि तोवर तो दिसायला तसाच चंदेरी असतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की पुरे. जवळ पेट्रोलची नळी, प्लास्टिकचा कनेक्टर किंवा रबरी सील असेल तर ओल्या फडक्यानं झाका; झाकता येत नसेल तर उष्णतेचा मार्ग सोडून द्या. अग्निशामक हाताशी ठेवा, दार उघडं ठेवा. एक गोष्ट फार कमी जण सांगतात: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं पुसलेला भाग कधीही तापवू नका. त्याच्या वाफा उष्णतेत फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार करतात.

तापवून कोमट होऊ दिलं की गंज सोडवणारं तेल घाला. ते आट्यांत ओढलं जातं. तापलेल्यावर ओतलं तर पेट घेईल. मग पंच टेकवून सरळ दिशेनं मध्यम ठोके द्या, तेल पुन्हा घाला आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी परत तेच. पहिल्याच दिवशी तुकडा निघाला पाहिजे, हा हट्ट सोडलात तर निम्मं काम तेल करतं.

ज्यांच्याकडे मिग वेल्डिंग आहे आणि हात बसलेला आहे, त्यांनी इथूनच वेगळी वाट धरावी. तुकड्यावर वॉशर ठेवून त्याच्या भोकातून तुकडा आणि वॉशर जोडायचा, वर नट ठेवून तो आतून भरायचा, लाली गेली की पाना लावून थोडं मागे-पुढे करत फिरवायचं. पोलादाचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे आटे वाचतात. शिवाय उष्णता नेमकी तुकड्यालाच मिळते. माझ्या मते जाम स्टडसाठी याच्यापेक्षा चांगला उपाय नाही, पण वेल्डिंग शिकायची ही जागा नव्हे.

ड्रिल: सगळा खेळ मध्यबिंदूचा

आकडे बघा म्हणजे भीती योग्य जागी बसेल. आठ मिलीमीटर बोल्टच्या आट्यांच्या मुळाशी जाडी असते साधारण साडेसहा. म्हणजे मध्यापासून सव्वातीन मिलीमीटरवर हेडचे आटे सुरू होतात. पाच मिलीमीटरचं भोक अर्धा मिलीमीटर सरकलं, तर एका बाजूला जेमतेम पाव मिलीमीटर पोलाद उरतं. एक मिलीमीटर सरकलं तर बीट हेडमध्ये घुसलेलं आहे. आणि अॅल्युमिनियम मऊ असल्यानं एकदा त्या बाजूला वाट मिळाली की बीट कठीण बोल्ट सोडून तिकडेच पळतं. बोल्ट काढताना झालेलं बहुतेक नुकसान हे असं ड्रिलनं केलेलं असतं.

तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं. छोट्या ग्राइंडरच्या बारीक दगडानं ते आधी सपाट करा. आता मध्य शोधायला गाईड वापरू, डोळ्यावर विश्वास नको.

तुकडा हेडच्या पातळीला तुटला असेल आणि मॅनिफोल्ड जागेवर असेल, तर फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल अशी एक नळी करा: बाहेरून फ्लँजच्या भोकाएवढी, साधारण साडेआठ-नऊ मिलीमीटर, आतून तीन. लेथवर पाच मिनिटांचं काम आहे. तिच्यातून बीट घातलं की ते इकडेतिकडे जाऊच शकत नाही. पण टोकाचा स्टड तुटल्यावर मॅनिफोल्ड कधी कधी वाकून सरकलेला असतो. म्हणून आधी भोकातून डोकावून बघा, तुकड्याभोवती हेड सगळीकडून सारखं दिसतं का. नसेल तर ही नळी तुम्हाला इमानदारीनं चुकीच्या जागी नेईल.

तुकडा भोकात खोल तुटला असेल तर काम आणखी सोपं. वरचे आटे रिकामे आहेत, त्यांत त्याच मापाचा, मधोमध तीन मिलीमीटर आरपार भोक पाडलेला बोल्ट फिरवून बसवा. हा पोकळ बोल्टच तुमचा गाईड. हेडच्याच आट्यांवर बसल्यानं त्याचा मध्य चुकत नाही.

यांपैकी काहीच जमत नसेल तर सेंटर पंच. हलका ठोका द्या आणि दोन वेगवेगळ्या दिशांनी बघा. खूण सरकलेली असेल तर पंच तिरका धरून तिला मध्याकडे ढकलत आणा, मगच जोराचा ठोका. माझा ड्रिलपेक्षा जास्त वेळ इथे जातो. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता टॉर्च धरून बसलाय.

खोली ठरवायला शेजारचा चांगला बोल्ट किंवा नवा बोल्ट घ्या. त्याच्या लांबीतून हातात आलेल्या तुकड्याची लांबी वजा केली की आत किती उरलंय ते कळतं. तेवढ्यावर बीटला टेप गुंडाळा. बंद भोकाच्या तळापलीकडे पाण्याची वाट थोड्याच मिलीमीटरवर असू शकते.

बीट कोबाल्टचं घ्या, जमल्यास आखूड. लांब बीट वाकतं. वेग कमी, मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे, आणि दाब भरपूर. मध्ये मध्ये कटिंग ऑइलचा थेंब. बीट नीट कापत असेल तर दोन्ही बाजूंनी सारखे, कुरळे कीस बाहेर येतात. किंचाळी ऐकू येतेय आणि कीस येत नाहीये, तर त्याच क्षणी थांबा. तुम्ही कापत नाही, घासताय, आणि घासून ती जागा आणखी कठीण करताय. बीटला धार करा किंवा नवं घ्या.

सरळपणासाठी घरातल्या कुणाला तरी बाजूला उभं करा. ड्रिल धरणाऱ्याला डावी-उजवी दिसते, वर-खाली दिसत नाही. "थोडं वर घे, हां, आता बरोबर," एवढं सांगणारं माणूस पुरतं, त्याला गाडीतलं काही कळायची गरज नाही.

तीनचं भोक झालं की चार, मग पाच. शेवटचं पाचचं बीट शक्यतो डाव्या हाताचं, म्हणजे उलट फिरताना कापणारं घ्या आणि ड्रिल रिव्हर्सवर टाका. आतून पोकळ झालेल्या तुकड्याची भिंत थोडी आत दबते, बीटच्या घर्षणानं तो तापतो, आणि बीट त्याला सोडवण्याच्याच दिशेनं ओढत असतं. दहा वेळांत काही वेळा असं होतं: कीस यायचा थांबतो, बीटला एक हिसका बसतो, आवाज बदलतो आणि तुकडा बीटवर चढून गोल गोल फिरत बाहेर येतो. हे एकदा अनुभवलं की डाव्या बीटचा संच विकत घेतल्याचं दुःख राहत नाही.

ईझी-आऊटबद्दल

ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं ते वापरून पाहिलं नसावं. निमुळता, उलट्या पिळाचा ईझी-आऊट जितका घट्ट बसतो तितका पाचरीसारखा बोल्टच्या भिंती बाहेर ढकलतो, म्हणजे जाम तुकडा आणखी जाम करतो. वर तो इतका कडक असतो की वाकत नाही, सरळ तुटतो. आणि तुटला की साध्या बीटनं त्याला ओरखडासुद्धा पडत नाही.

हे मी ऐकून सांगत नाहीये. एका कव्हरचा सहा मिलीमीटरचा बोल्ट सोडवताना तुटला होता. न तापवता, न थांबता मी तीनचा ईझी-आऊट घातला आणि एका बाजूनं रॅचेट लावून ओढलं. कट्. नंतरचे दोन रविवार कार्बाइडच्या छोट्या बरनं तो कण कण करत पोखरण्यात गेले, आणि शेवटी भोक इतकं वेडंवाकडं झालं की आट्यांचा इन्सर्ट घालावा लागला. काकांना दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "हा मात्र तोडलास."

तरीही वापरायचाच असेल तर सरळ दात असलेला घ्या, तो भिंती कमी फाकवतो. आधी तापवणं आणि तेल झालेलं असू दे. रॅचेट नको, टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) दोन हातांचं हँडल लावा, म्हणजे जोर दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. हाताला स्प्रिंगसारखा पीळ जाणवू लागला आणि तुकडा हलत नसेल, तर तो तुटायच्या आधीचा निरोप आहे. काढून घ्या.

तुकडा निघालाच नाही तर

मग त्याला काढायचा नाही, संपवायचा. मध्य बरोबर साधला असेल तर भोक सहापर्यंत आणि मग साडेसहापर्यंत वाढवत न्या. बोल्टची नुसती सालपटासारखी नळी उरते. कुठेतरी भिंतीवर आट्यांची बारीक चंदेरी नागमोडी रेषा दिसू लागली की थांबा. टोचणीनं वरची कड आत दुमडा आणि बारीक पक्कडीनं धरून ओढा. कधी कधी पूर्ण पीळ स्प्रिंगसारखा उलगडत बाहेर येतो.

मग आटे साफ करायला टॅप. इथे मापं नीट बघा, कारण पान्याचा नंबर आणि बोल्टची जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुधा सहा मिलीमीटरचा असतो, बारा किंवा तेराचा लागतो तो आठचा. सहाच्या साध्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलीमीटर, आठचा १.२५. दहामध्ये १.५ आणि १.२५ दोन्ही सर्रास आढळतात, तिथे पिच गेजनं मोजल्याशिवाय टॅप लावू नका. नव्यानं आटे पाडायचे झाले तर भोकाचं माप सोपं आहे: जाडीतून पिच वजा करा. सहासाठी ५, आठसाठी ६.७५, म्हणजे व्यवहारात ६.८ चं बीट.

टॅप हातानंच फिरवा. पहिले दोन फेरे आपोआप वाट सापडल्यासारखे गेले पाहिजेत. जोर लागला तर तिरका बसलाय, काढून पुन्हा लावा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. टॅपच्या खोबणीत ग्रीस भरलं तर कीस त्यातच अडकून बाहेर येतो. पोलादाचा कीस चुंबकाला चिकटतो, अॅल्युमिनियमचा नाही. त्यासाठी व्हॅक्यूमला बारीक नळी जोडा.

भोक सरकलंच, किंवा आटे गेलेच, तर रडायचं कारण नाही. तारेच्या पिळाचा इन्सर्ट, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात, तो घाला. आठच्या बोल्टसाठी ८.३ चं भोक, त्याच संचातला खास टॅप, मग इन्सर्ट फिरवून पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवायचा आणि तळाची जीभ मोडून बाहेर काढायची. मोडलेली जीभ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. लांबी बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट, म्हणजे १२ ते १६ मिलीमीटर घ्या. मऊ अॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा हे स्टेनलेसचे आटे जास्त ओढ सहन करतात. सरकलेल्या भोकात मात्र आधी मध्य परत आणावा लागतो, आणि ते हातातल्या ड्रिलनं जमत नाही. तिथे हेड घेऊन मशीनवाल्याकडे जायची तयारी ठेवा.

नवा बोल्ट

डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ म्हणजे तो दर चौरस मिलीमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, ताणून परत मूळ लांबीवर येतो. १०.९ ला हेच आकडे १००० आणि ९०० होतात. पुढच्या वेळी तुटू नये म्हणून जास्त कडक बोल्ट घालायचा मोह होतो, पण मग बोल्टऐवजी हेडचे आटे जातील. जो होता तोच दर्जा, तीच लांबी. मॅनिफोल्डसाठी उष्णता सहन करणारा मूळ स्टडच घ्या.

बंद भोकात तेल किंवा पाणी शिल्लक ठेवू नका. द्रव दाबला जात नाही. बोल्ट पिस्टनसारखा खाली येतो आणि भोकाची भिंत तडकवू शकतो. हवेनं फुंकून, चिंधीच्या वातीनं टिपून कोरडं करा. मग नवा बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जातो का बघा. मधेच अडला तर परत टॅप, पाना नाही.

एक्झॉस्टच्या आट्यांना उष्णता सहन करणारं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, थोडंसं लावा. आटे निसरडे झाल्यावर तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा थोडा खाली आणावा लागतो. अंदाजासाठी, ८.८ च्या सहा मिलीमीटर बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि आठच्या बोल्टला २५ च्या आसपास टॉर्क लागतो. अॅल्युमिनियममध्ये बहुधा याहून कमी, आणि तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. दहा न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे. सहाचे बोल्ट तुटतात ते मोठ्या रॅचेटमुळे. स्टड असेल तर तो हेडमध्ये हातानं बसेल एवढाच फिरवा, टॉर्क नटला द्यायचा. मॅनिफोल्ड उतरवला असेल तर नवं गॅस्केट घालून मधल्या नटांपासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळत जा.

चिंध्या मोजून बाहेर काढा. आकडा जुळला की बॅटरी जोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, बॉनेट उघडं ठेवून ते सुरू करा आणि पहिलं अर्धं मिनिट कान लावून ऐका. टिक-टिक असेल तर तेव्हाच असेल. आठवडाभरानं फ्लँजच्या कडेला टॉर्च मारून बघा. कुठून धूर निसटत असेल तर तिथे काजळीची काळी रेघ उमटलेली दिसते.